फोर्कलिफ्ट शिकलेली दिपाली

दिपाली तरे फोर्कलिफ्ट चालवते, हे वळ गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गोडाऊनच्या फाटकाशी कंपनीने तिचा माणूसभर उंचीचा फोटोच लावला होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हात स्टिअरिंगवर आणि फोटोवाल्याने पुन्हा पुन्हा सांगून हसवलेला चेहरा. खाली ठळक अक्षरं: 'गावच्या लेकी, नवी कौशल्ये'. दिपाली काही गावची लेक नव्हती, सून होती. माहेर तिचं टेमघरचं. पण तेवढं कोण बघतं! खटकण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. फोटो लागून वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षात दिपालीला एकदाही मशीनवर बसू दिलेलं नव्हतं. रोज सकाळी ती स्वतःच्याच हसऱ्या तोंडासमोरून आत जायची आणि दिवसभर टेबलाशी उभी राहून खोक्यांवर लेबलं चिकटवायची.

ते गोडाऊन जिथे उभं आहे तिथे पूर्वी तिच्या सासऱ्यांचं, केसरीनाथ तर्‍यांचं, भाताचं शेत होतं. सासऱ्यांनी जमीन विकली ती राजीखुशीने विकली. भावही चांगला आला, घर बांधून झालं, नवऱ्याचा पाण्याचा टँकर आला. फक्त विकताना गावाने एक गोष्ट लावून धरली होती की कामं गावच्या माणसांना द्यायची. कंपनीने मान डोलावली. मग पोरांना वॉचमनचा गणवेश मिळाला, बायकांना झाडू मिळाला. गावात कुरकुर वाढली तेव्हा कंपनीने जाहीर केलं की बायकांना फोर्कलिफ्ट शिकवणार.

दिपालीने नाव दिलं, तर नवरा भूपेश जेवताना ठसका लागेपर्यंत हसला.

"अगो, स्कूटीवर पाय जमिनीला घासत जातेस तू. ती मशीन म्हणजे हत्ती हाय हत्ती."

"हत्तीला माहूत लागतोच की," दिपाली म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी हजर झाली.

शिकवायला आला होता रामनाथ. मूळचा जौनपूरकडचा, पण जवानी सगळी भिवंडीत गेलेली. मराठी आणि हिंदी एकाच घासात खाणारा माणूस. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्याने बायकांना मशीनभोवती फिरवलं आणि मागच्या चाकावर हात ठेवून म्हणाला, "ये गाडी देखती आगे है, घूमती पीछे से है. हे ज्याच्या डोक्यात शिरलं, त्याला अर्धी मशीन आली."

डोक्यात शिरायला वेळ लागला नाही. हातात उतरायला लागला. मोटारीची पुढची चाकं वळतात, हिची मागची. त्यामुळे तोंड डावीकडे नेलं की शेपूट उजवीकडे झोकतं आणि मागे जे असेल त्याला आडवं करतं. दिपालीने पहिल्या आठवड्यात इतके प्लास्टिकचे कोन पाडले की बाकीच्या बायका तिला पाहून ओढण्या तोंडाशी न्यायच्या. त्यात सगळ्यात मोठ्याने हसायची ती रुकय्या. नारपोलीची. वडिलांचे कापड विणायचे चार लूम होते, नवरा आखातात. हसून झालं की तीच उतरून कोन पुन्हा उभे करायची. दोघींचं गूळपीठ जमलं ते असं.

उस्तादची एक रीत दिपालीला फार आवडायची. 'नीट चालवा', 'लक्ष देऊन चालवा' असलं मोघम तो कधी बोलायचा नाही. आज काय जमलं पाहिजे ते आजच्यापुरतं सांगायचा. आज रिकामं पॅलेट, म्हणजे माल ठेवायची लाकडी फळी, न घासता उचलायचं. उद्या भरलेलं. परवा भरलेलं पॅलेट रॅकच्या तिसऱ्या खणात ठेवायचं, आणि सलग तीनदा. एकदा जमलं आणि दिपालीने टाळी वाजवली तेव्हा तो म्हणाला, "एक बार जमलं ते नशीब, बेटा. तीन बार जमू दे, मग म्हणेन हात तुझा झाला."

आणि तिचा हात झाला. शेवटच्या परीक्षेत पिठाच्या पोत्यांनी भरलेलं पॅलेट तिने रॅकमधल्या चिंचोळ्या बोळातून नेलं, पॅलेट पेलणारे पुढचे काटे वर घेतले, जरा मागे झुकवले आणि तिसऱ्या खणात असं अलगद ठेवलं की पोतं हललं नाही. तीनदा. खाली उतरली तेव्हा चेहऱ्यावरचं हसू फोटोवाल्याने सांगितलेलं नव्हतं.

प्रमाणपत्रं वाटली त्या दिवशी उस्ताद कंपनीच्या रुचिकामॅडमजवळ गेला. माणसं नेमणं, त्यांना शिकवणं हे सगळं रुचिकाच बघायची. दिपाली शेजारीच उभी होती, म्हणून तिने ऐकलं.

"मॅडम, यांना दर शनिवारी दोन तास मशीनवर बसवा. आणि तीन-तीन महिन्यांनी हीच परीक्षा घ्या. नाही तर सब धुल जाएगा. हात लोखंडासारखा असतो, पडून राहिला की गंजतो."

"हो हो, ते आपल्या प्लॅनमध्येच आहे," रुचिका म्हणाली. खरंच होतं ते. प्लॅनमध्ये होतं.

पुढच्या आठवड्यात उस्तादचं कंत्राट संपलं आणि तो उरणकडे निघून गेला.

पहिल्या शनिवारी शिफ्ट इन्चार्ज कुणाल म्हणाला, आज माल फार आलाय, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी मशीन चार्जिंगला होती. मग दिवाळीचा सीझन लागला आणि सगळ्या बायकांना 'तात्पुरतं' पॅकिंगला घेतलं. सीझन गेला, तात्पुरतं गेलं नाही. दिपाली विचारायची तेव्हा दर वेळी नवं कारण तयार असायचं. कधी ठेकेदाराचे ड्रायव्हर नाराज होतील म्हणे, तर कधी विमावाले हरकत घेतील. एकदा तर कुणाल वैतागून म्हणाला, "ताई, तुम्हाला पगार वेळेवर मिळतोय ना? मग सावलीत उभं राहून लेबलं लावायला काय जातंय?"

काय जातंय ते दिपालीला हळूहळू कळत होतं. घरी भाजी चिरताना तिच्या लक्षात यायचं की उजवा हात सुरी सोडून उगाच हवेत लिव्हर शोधतोय, आणि कोणता लिव्हर कशाचा हे तिला आठवून पाहावं लागतंय. पूर्वी आठवावं लागत नव्हतं. तिने ते कोणाला सांगितलं नाही.

शिकलेल्या बाराजणींपैकी एकेक गळू लागली. कोणी शाळेत खिचडी शिजवायला गेली, कोणी घरीच बसली. मागे चारजणी राहिल्या. आणि मग एका मंगळवारी, कसलीही पूर्वसूचना न देता, कुणालने चौघींना टेबलावरून उठवून बोळात नेलं. मोठ्या ऑफिसातून विचारणा आली होती: शिकवलेलं कौशल्य किती जणींमध्ये टिकलं? ते मोजायचं होतं.

"आत्ता? सराव न करता?" दिपालीने विचारलं.

"तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे ना?" कुणाल म्हणाला.

ठेकेदाराचे ड्रायव्हर चहाचे कप घेऊन कडेला उभे राहिले. दिपाली मशीनवर चढली. सीट तीच, स्टिअरिंग तेच. तिने पॅलेट उचललं आणि तिला वाटलं, येतंय. मग बोळाच्या तोंडाशी तिने उजवीकडे वळवलं आणि शेपटाचा विचार आला तो शेपूट जाऊन आदळल्यावर. लोखंडी खांबाला धडक बसली, आवाज छपरापर्यंत गेला. वरच्या खोक्यातून शाम्पूच्या बाटल्या घरंगळल्या आणि तिच्या चाकाखाली एक फुटून फरशीवर फेस झाला. एका ड्रायव्हरने शिट्टी मारली.

दिपाली उतरली. चप्पल फेसात घसरली तेव्हा रुकय्याने तिला दंडाला धरून सावरलं.

"रुकय्या, तुमचा नंबर," कुणाल म्हणाला.

"माझा न्हाय," रुकय्या म्हणाली. "वर्षभर बंद ठेवलेला लूम कोणी एकदम चालू करतो का? आधी तेल घालतात. तुम्ही आम्हाला तेल घातलंत कधी?" आणि ती बसलीच नाही. तिच्यापुढेही नापासच लिहिलं गेलं.

संध्याकाळी रुचिकाने चौघींना बोलावून गोड आवाजात समजावलं. "वाईट वाटून घेऊ नका. तुमचं स्किल टिकलं नाही, एवढंच. होतं असं. आपण आता नवीन बॅच घेतोय, बाराजणींची. तुम्ही पॅकिंगमध्ये छान काम करताय की!"

"आम्हालाच पुन्हा शिकवा ना," दिपाली म्हणाली. "सगळं नाही लागणार. थोडाच हात फिरवायचाय."

रुचिका खरं तेच बोलली, कारण मनाने ती वाईट नव्हती. "दिपालीताई, तुम्ही एकदा मोजल्या गेल्यात. तुम्हाला पुन्हा शिकवलं तर आकडा वाढत नाही. नव्या बायका घेतल्या तर वाढतो. यंदाचं टार्गेटच तसं आहे."

दिपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती तशीच दाराकडे वळली. कारण धडक तर तिच्याच हातून बसली होती. बाटली तिच्याच चाकाखाली फुटली होती.

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. सासू, काशीबाई, ओटीवर बसून सुके बोंबील निवडत होती.

"काय गो, वर्साभरात इसरलीस?" ती म्हणाली. "आमी जलमभर भात लावला. हात कवा इसरला न्हाय आमचा. लक्ष लागतं कामात."

दिवसभर गिळलेलं सगळं दिपालीने बाहेर काढलं. "आई, तुम्हाला दर पावसाळ्यात शेतात उतरू देत होते! एक वर्ष बांधावर उभं करून ठेवलं असतं, आणि मग सगळ्या गावासमोर म्हटलं असतं, लाव आता भात, तर?"

काशीबाईने बोंबील खाली ठेवला. सून या आवाजात कधी बोलली नव्हती. सासू काही बोलणार एवढ्यात आतून नणंद निशा धावत आली, हातात मोबाईल. "वहिनी, माझं नाव लागलं! नव्या बॅचला! तुझ्यासारखा फोटो काढतील ना माझापण?"

निशाने बारावी नुकतीच केली होती आणि तिचे डोळे दिपालीचे गेल्या वर्षी होते तसेच होते. "काढतील," दिपाली म्हणाली. "तेवढंच काढतील." आणि आत निघून गेली. निशा रडवेली झाली. नंतर दिपालीने तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं, पण निशाचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं, वहिनी नापास झाली म्हणून बोलतेय. ते दिपालीला शिट्टीपेक्षा जास्त लागलं.

नव्या बॅचच्या उद्घाटनाला कंपनीने गोडाऊनच्या उघड्या दाराशी मांडव घातला. मुंबईहून हितेशसाहेब येणार होते, कंपनीच्या सगळ्या गोडाऊनांचे मोठे मॅनेजर. सरपंच येणार, नव्या बाराजणी नटून येणार. आणि आदल्या दिवशी रुचिका दिपालीच्या टेबलाशी आली.

"ताई, तुम्ही दोन शब्द बोलायचे. पहिल्या बॅचच्या वतीने. तुमचा चेहरा सगळ्यांना माहीत आहे. काय शिकलात, कसा आत्मविश्वास आला, एवढंच."

दिपालीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मागच्याच महिन्यात हिने नापास केलं आणि आता हिलाच आपल्या आत्मविश्वासाचं भाषण हवंय! तिने रुकय्याकडे पाहिलं. रुकय्या लेबलाचा रोल हातात घेऊन म्हणाली, "बोल की. दोन शब्द सांगितलेत, चार बोल."

दुसऱ्या दिवशी माईक हातात आला तेव्हा दिपालीच्या डोक्यात एकही वाक्य तयार नव्हतं. पुढच्या रांगेत केसरीनाथ पांढरी टोपी घालून बसले होते, शेजारी काशीबाई. हितेशसाहेब हसतमुखाने टाळ्या वाजवत होते.

"मी दिपाली तरे," ती म्हणाली. "फाटकावर फोटो आहे तो माझा. त्या तिथे तिसऱ्या खणात पॅलेट दिसतंय, ते मला खाली काढता येत नाही."

टाळ्या विरल्या. रुचिका खुर्चीत सावरून बसली.

"मागच्या वर्षी येत होतं. तीनदा सलग ठेवलं होतं मी, एकही पोतं न हलवता. उस्तादने सांगितलं होतं, दर शनिवारी दोन तास बसवा, नाही तर हात गंजेल. तुम्ही ते प्लॅनमध्ये लिहिलंत आणि एकाही शनिवारी बसवलं नाहीत. वर्षाने परीक्षा घेतलीत आणि म्हणालात, हिचं टिकलं नाही." तिचा आवाज चिरकला, तिने तो तसाच पुढे रेटला. "टिकायला ठेवलंत कुठे तुम्ही? आता या बाराजणींना शिकवाल. पुढच्या वर्षी यांना लेबलं लावायला उभं कराल आणि आणखी बारा आणाल. दर वर्षी तुमच्याकडे लिहिलं जाईल, एवढ्या बायका शिकवल्या. चालवणाऱ्या किती, ते कोण मोजणार? चालवणारी एकसुद्धा नाही. हे शेत होतं आमचं. इथे उभी राहून मी खोटं नाही बोलणार."

माईक कुठे ठेवायचा ते न कळून तिने तो सरपंचांच्या हातात दिला. सरपंच खाकरले आणि माईककडे असे बघत राहिले जणू तो त्यांना चावेल. मग मागच्या रांगेतून निशा उभी राहिली.

"साहेब, मला शिकल्यावर मशीनवर किती वेळ बसवणार? ते आधी सांगा."

तिच्या शेजारची मुलगी उभी राहिली, मग तिच्या पलीकडची. पुढच्या रांगेत काशीबाई नवऱ्याला मोठ्याने म्हणाली, "बरोबर इचारतेय पोर. बांधावर उभी करून भात येतो का कोनाला?" सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

हितेशसाहेब हुशार माणूस. समोर सरपंच, गावचे लोक, मोबाईल वर धरलेली पोरं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की दर शनिवारी सराव होईल, जुन्यांचा आणि नव्यांचाही, आणि दर तीन महिन्यांनी परीक्षा. वर हेही म्हणाले की यापुढे किती जणी शिकल्या हे न मोजता, वर्षाने किती जणी रोज चालवताहेत ते मोजलं जाईल. टाळ्या पडल्या. पण गाडीत बसताना ते रुचिकाला काय बोलले ते दिपालीने तिच्या चेहऱ्यावर वाचलं. त्या दिवसापासून रुचिकाने तिला ताई म्हणणं सोडलं.

सरावाला मशीन मिळाली ती सगळ्यात जुनी. बॅटरी तासाभरात मान टाकायची, आणि उजवीकडचा लिव्हर जोर लावल्याशिवाय हलायचा नाही. शिकवायला उस्ताद नव्हता. शिट्टी मारणाराच ड्रायव्हर कपाळाला आठ्या घालून कडेला उभा राहायचा. पहिल्या शनिवारी दिपालीने पुन्हा कोन पाडले. तिला वाटलं होतं, बसलं की हात आपोआप आठवेल. नाही आठवला. शेपूट, लिव्हर, काटे, सगळं पुन्हा रिकाम्या पॅलेटपासून. त्या रात्री तिला झोप लागली नाही. एवढं सगळ्यांसमोर बोलले आणि जमलंच नाही तर, या विचाराने.

पण तिने उस्तादची रीत धरली. या शनिवारी न घासता उचलायचं, पुढच्या शनिवारी वळणावर एकही कोन पाडायचा नाही, आणि प्रत्येक गोष्ट सलग तीनदा. दोनदा जमून तिसऱ्यांदा हुकलं तर पहिल्यापासून. निशाही आपल्या पाळीला तसंच करायची, आणि तिचा हात वहिनीपेक्षा लवकर बसला, हे दिपालीला जरा झोंबलंही. रुकय्या मात्र आली नाही. तिने काम सोडलं आणि नारपोलीला वडिलांच्या लूमवर हिशेब बघायला लागली. "मला पुन्हा परीक्षा द्यायची न्हाय," ती फोनवर म्हणाली. "एकदा नापास लिहिलं ना त्यांनी, मी मशीनवर बसलेच नव्हते तरी. जाऊ दे. तू कर." दिपालीने तिला पुष्कळ समजावलं. रुकय्या हसली, पण बधली नाही.

परीक्षेत दिपाली पास झाली. सकाळच्या पाळीत तिला ट्रक भरायच्या कामावर घेतलं. दिवस अर्धा मशीनवर, अर्धा अजून पॅकिंगला. पगार ड्रायव्हरचा द्यायला कुणालने आणखी दोन महिने लावले, आणि त्यासाठी तिला रोज त्याच्या टेबलाशी जाऊन उभं राहावं लागलं. एवढं सगळं होऊनही गावातले लोक म्हणायचे, बघा, कंपनीने शेवटी शिकवलं की नाही! ते ऐकलं की तिच्या हातातलं काम थांबायचं.

गेल्या शनिवारी डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या धक्क्यावर, ट्रकांची रांग लागली होती. सरावाची वेळ झाली. निशा आणि दोघीतिघी मशीनपाशी येऊन उभ्या होत्या. कुणाल घाईघाईने आला.

"आजचा सराव राहू दे. माल फार लागलाय."

दिपाली नुकतीच ट्रक भरून मशीन मागे घेत होती. तिने एकदा शेपटाकडे पाहिलं, मशीन बोळाच्या तोंडाशी आडवी आणून थांबवली आणि चावी काढून हातात घेतली. मागून येणारे दोन फोर्कलिफ्ट ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले.

"माल लागलाय म्हणूनच बसू द्या त्यांना," ती म्हणाली. "नाही तर पुढच्या वर्षी उचलायला कोण येणार? तुम्ही?"

"दिपाली, रस्ता सोडा."

"त्या बसल्या की सोडते."

कुणालने ट्रकांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग शिवी गिळल्यासारखं तोंड करून जुन्या मशीनची चावी निशाकडे फेकली. निशाने ती हवेतच झेलली.